सोलापुरात बँकेतून चिल्लर घेऊन नाणी जमवणे: कोणती शाखा, कोणते पाकीट, हाती काय लागते

परदेशातले नाणेसंग्राहक बँकेतून कागदात गुंडाळलेल्या नाण्यांच्या नळकांड्या आणतात, एकेक नाणे तपासतात आणि नको ती परत भरतात. आपल्याकडे नळकांडी नाहीत. आपल्याकडे शंभर नाण्यांचे प्लास्टिकचे पाकीट असते आणि टांकसाळीतून आलेली मोठी सीलबंद थैली असते. पद्धत मात्र तीच चालते, आणि सोलापुरात ती चांगली चालते.

शहरातल्या बँकांच्या चिल्लर देण्याच्या सेवेचा हा आढावा निव्वळ संग्राहकाच्या नजरेने केलेला आहे. पाचपैकी साडेतीन गुण. खर्चाच्या बाबतीत तक्रारीला जागाच नाही: नाणी दर्शनी किमतीला मिळतात, त्याच किमतीला परत भरता येतात, आणि संग्रहात राहतात तेवढ्याच नाण्यांचे पैसे अडकतात. पाचशे रुपयांची चिल्लर आणली आणि त्यातली आठ नाणी ठेवली, तर संग्रहाचा खर्च त्या आठ नाण्यांच्या दर्शनी किमतीएवढाच. दीड गुण जातो तो शाखाशाखांतल्या फरकामुळे. एका ठिकाणी मागितल्याबरोबर कॅशिअर चार पाकिटे पुढे सरकवतात, दुसरीकडे ‘चिल्लर नाही’ म्हणून विषय संपतो. दोन्ही शाखांना लागू असलेले नियम मात्र एकच आहेत.

नवी थैली की जुनी चिल्लर

सर्वांत महत्त्वाची निवड इथेच होते, आणि नवखा संग्राहक बहुधा चुकीचे पाकीट मागतो. चकचकीत सीलबंद पाकीट पाहून हरखून जातो. ते पाकीट टांकसाळीतून रिझर्व्ह बँकेकडे, तिथून करन्सी चेस्ट किंवा स्मॉल कॉइन डेपोत (रिझर्व्ह बँकेच्या नोटा-नाण्यांचा साठा जिथे बँका सांभाळतात तिथे) आणि मग शाखेत आलेले असते. आत शंभरच्या शंभर नाणी सहसा एकाच वर्षाची आणि एकाच टांकसाळीची निघतात. त्यातले संग्रहाला लागते एक, फार तर अदलाबदलीसाठी आणखी तीन-चार. न वापरलेले, झळाळी शाबूत असलेले नाणे हवे असेल तेव्हाच हे पाकीट घ्यावे. तेव्हाही सगळी नाणी दिव्याखाली तिरपी धरून बघा. थैलीत नाणी एकमेकांवर आपटतात, त्यामुळे नव्या नाण्यावरही बारीक खाचा असतात. सिंहांच्या चेहऱ्यावर आणि मोकळ्या सपाट भागावर कमीत कमी खाचा असलेले नाणे ठेवायचे.

खरा माल जुन्या चिल्लरीत असतो, म्हणजे दुकानदार, रिक्षावाले, भाजीवाले, देवस्थाने यांनी बँकेत भरलेल्या आणि शाखेतच मोजून पुन्हा पाकिटात बांधलेल्या नाण्यांत. एका पाकिटात १९९२ पासूनची नाणी सापडू शकतात, देशातल्या चारही टांकसाळींची, पाच-सहा वेगवेगळ्या मालिकांची, म्हणजे वेगवेगळ्या काळात निघालेल्या नमुन्यांची. काउंटरवर सरळ सांगायचे: ‘साहेब, नवी नकोत. गिऱ्हाइकांनी भरलेली जुनी, मिक्स चिल्लर असेल तर द्या.’ हे ऐकून कॅशिअर बहुतेक वेळा खूशच होतात. चिल्लर मागणारा प्रत्येक जण नवी कोरी मागतो, आणि जुनीचा साठा त्यांच्या पायाशी पडून असतो.

शहरातल्या शाखा कशा निवडाव्यात

नवी पेठ, चाटी गल्ली, टिळक चौक, लक्ष्मी मार्केट या भागातल्या शाखा पहिल्या पसंतीच्या. इथे किरकोळ व्यापाऱ्यांचा रोजचा भरणा असतो आणि त्यात पाच आणि दहाची नाणी भरपूर येतात. एसटी स्टँड आणि रेल्वे स्टेशन परिसरातल्या शाखांत बाहेरगावची चिल्लर मिसळते. कर्नाटक आणि तेलंगणाकडून येणारी ये-जा मोठी असल्याने हैदराबाद टांकसाळीची नाणी सोलापुरात सहज भेटतात. जुळे सोलापूर, होटगी रोड अशा वस्तीतल्या शाखांत पेन्शन आणि पगाराचे व्यवहार जास्त, चिल्लरीचा भरणा कमी. तिथे मागितले तर बहुधा नवे पाकीट मिळते.

सहकारी बँकांकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, आणि ते चुकते. पिग्मी एजंट रोज टपरीपासून किराणा दुकानापर्यंत हिंडून पैसे गोळा करतो आणि ती चिल्लर संध्याकाळी बँकेत येते. मिश्रणाच्या दृष्टीने याहून चांगली चिल्लर नाही. पतसंस्थेतही पिग्मी असते, पण पतसंस्था ही बँक नव्हे. नाण्यांबाबतचे रिझर्व्ह बँकेचे नियम तिला लागू नाहीत. तिथे मिळाली तर आनंदाने घ्यावी, नाही मिळाली तर हुज्जत घालू नये.

आणि देवस्थाने. सोलापूरभोवती पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर, गाणगापूर आणि गावात सिद्धेश्वर. घरात डब्यात, देव्हाऱ्यात वर्षानुवर्षे पडून राहिलेले नाणे वारीला किंवा दर्शनाला निघताना बाहेर पडते आणि दानपेटीत जाते. तिथून मोजदाद होऊन ते बँकेत येते. म्हणून आषाढी-कार्तिकीनंतरचे दोन-तीन आठवडे आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेनंतरचा काळ चिल्लर मागायला उत्तम. या चिल्लरीत हळद-कुंकू आणि तेलाचे डाग असतात. त्याचे काय करायचे ते पुढे आहे.

वेळ साधणे अर्धे काम आहे. महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत जाऊ नका. पगार, पेन्शन आणि हप्ते यांच्या गर्दीत कोणताही कॅशिअर पाकिटे शोधून देणार नाही. सोमवार टाळा. महिन्याच्या मध्यात, मंगळवार ते गुरुवार, दुपारच्या जेवणानंतर काउंटर जरा मोकळे झाले की जा. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद. ज्या शाखेत आपले खाते आहे तिथून सुरुवात करावी, म्हणजे ओळखीचा प्रश्न येत नाही.

‘नाही’ म्हणाले तर

रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार मागेल त्याला सर्व दर्शनी किमतींची नाणी देणे आणि कोणी आणली तर स्वीकारणे हे प्रत्येक बँक शाखेचे काम आहे. लहान नाणी घ्यायला नकार देता येत नाही. बँकेला यात तोटाही नाही: नाणी वाटपासाठी रिझर्व्ह बँक बँकांना थैलीमागे प्रोत्साहन रक्कम देते, आणि १ सप्टेंबर २०२१ पासून ती २५ रुपयांवरून ६५ रुपये करण्यात आली. एका वेळी एका थैलीपेक्षा जास्त नाणी हवी असतील तर मात्र ती धंद्याच्या गरजेसाठीच द्यावीत अशी सूचना आहे, आणि बँक कागदपत्रे मागू शकते. संग्राहकाला थैलीची गरज नसते. दहा पाकिटांपर्यंत मागा, कोणी अडवत नाही.

नियम माहीत असावा, पण काउंटरवर नियम वाचून दाखवू नये. ‘आज नसेल तर परवा येतो, कोणी भरली तर दोन पाकिटे बाजूला ठेवाल का?’ हे वाक्य नियमापेक्षा जास्त काम करते. दोनदा नकार आला तर शाखाधिकाऱ्यांना भेटून लेखी विनंती द्यावी, तेवढ्यात बहुधा प्रश्न सुटतो.

किती घ्यावे, आणि काउंटर सोडण्यापूर्वी काय बघावे

सुरुवातीला दोन हजार रुपये पुरतात: पाच रुपयांची दोन पाकिटे, दोन रुपयांची तीन आणि एक रुपयाची चार. दहाचे पाकीट एकटेच हजाराचे होते, ते दुसऱ्या फेरीला. वीसचे नाणे अजून नवे आहे, त्यात शोधण्यासारखे थोडे. चलनातून चांगले दिसेल ते एकेक उचलावे.

पाकिटात शंभरऐवजी अठ्ठ्याण्णव नाणी निघणे ही नेहमीची अडचण. घरी गेल्यावर तक्रारीला अर्थ राहत नाही. मोजत बसायला काउंटरवर जागा नसते, म्हणून वजन बघा. पाच किलोपर्यंतचा, एक ग्रॅमचा फरक दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पिशवीत मावतो. वजनाचा दुसरा उपयोग जास्त मोलाचा आहे: पाकीट न फोडता आत काय आहे याचा अंदाज येतो.

एक रुपयाची २०१९ पासूनची नाणी ३.०९ ग्रॅमची आहेत, म्हणजे शंभरचे ३०९ ग्रॅम. २०११ च्या मालिकेतली, रुपयाचे चिन्ह असलेली, ३.७९ ग्रॅमची, म्हणजे ३७९. त्याआधीची पोलादी, २५ मिलिमीटरची, ४.८५ ग्रॅमची, म्हणजे ४८५. एक रुपयाचे पाकीट ३१०-३२० भरले तर ते नव्या नाण्यांनीच भरलेले आहे, दुसरे मागा. ४३० च्या वर गेले तर डोळे मिटून घ्या.

पाच रुपयांचे गणित याहून गोड आहे. १९९२ पासून निघालेले तांबे-निकेलचे जाड नाणे ९ ग्रॅमचे, २००७ चे पोलादी आणि २००९ पासूनचे पिवळे निकेल-ब्रासचे ६ ग्रॅमचे, २०१९ च्या मालिकेतले ६.७४ ग्रॅमचे. शंभरचे पाकीट ६७४ ग्रॅमच्या वर भरले तर आत जाडी नाणी आहेतच आहेत, कारण वर दिलेल्या बाकी मालिकांच्या कोणत्याही मिश्रणाने तो आकडा ओलांडता येत नाही. प्लास्टिकचे दोन-चार ग्रॅम वजा करायला विसरू नका. दोन रुपयांत २०१९ ची मालिका ४०७ ग्रॅम, २०११ ची ४८५, आणि जुनी अकरा कोनांची तांबे-निकेलची ६००. दहाचे पाकीट ७७१ ग्रॅमच्या आसपास भरले पाहिजे. त्यात मालिकेनुसार फरक नगण्य, म्हणून तिथे वजन फक्त मोजणीसाठी.

निवडणे

टेबलावर पांढरे सुती कापड, डाव्या बाजूने तिरपा येणारा पांढरा एलईडी दिवा, दहापट मोठे दाखवणारे भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंतचा छोटा काटा आणि कापडात गुंडाळलेला एक चुंबक. एवढे पुरे. नाणे कडेने धरायचे, बोटाचा ठसा सपाट भागावर पडू द्यायचा नाही.

पाकीट फोडले की आधी दहा-दहाच्या थप्प्या लावा. मोजणी होते आणि उंचीतला फरक लगेच डोळ्यांत भरतो. नऊ ग्रॅमचे पाच रुपये थप्पी उंच करतात. मग चुंबक फिरवा. पोलादी नाणी उचलली जातात; तांबे-निकेल आणि निकेल-ब्रास जागचे हलत नाहीत. हे चाळण आकारापेक्षा विश्वासाचे, कारण काही स्मारक नाणी दोन धातूंत निघाली आहेत. ओएनजीसीच्या सुवर्णमहोत्सवाचे २००६ चे पाच रुपये तांबे-निकेलमध्येही आहेत आणि पोलादातही. दोन्ही शेजारी ठेवली तर डोळ्याला फरक पटकन कळत नाही, चुंबकाला लगेच कळतो. संग्रहात दोन्ही हवीत.

मग मालिका. एक रुपयात कणसे असलेले १९९२ पासूनचे पोलादी, २००४ पासूनचे चार दिशांना जाणाऱ्या क्रॉसचे, २००७ पासूनचे अंगठा दाखवणाऱ्या हस्तमुद्रेचे, २०११ चे रुपयाच्या चिन्हाचे, २०१९ चे धान्याच्या नक्षीचे. त्यातच ६ जून २०२२ रोजी जारी झालेली आझादी का अमृत महोत्सवाचे बोधचिन्ह असलेली मालिका, जी एक ते वीस रुपयांपर्यंत पाचही नाण्यांत आहे. ही पाचही नाणी पाकिटांतूनच जमवणे नवख्यासाठी पहिले चांगले उद्दिष्ट. अवघड नाही आणि पूर्ण झाल्याचे समाधान मिळते.

एक सापळा इथेच सांगायला हवा. २०११ च्या मालिकेतले दोन रुपये २५ मिलिमीटर आणि ४.८५ ग्रॅमचे आहेत. जुने एक रुपयाचे पोलादी नाणेही २५ मिलिमीटर आणि ४.८५ ग्रॅमचेच. धातूही तोच. काटा, चुंबक, थप्पी, काहीही ही गफलत पकडत नाही; आकडा वाचावाच लागतो. एक रुपयाच्या पाकिटात दोनचे आणि दोनच्या पाकिटात एकचे नाणे यामुळेच सापडते. चिल्लर परत भरताना हीच गफलत तुमच्या पाकिटात राहिली तर कॅशिअरचा विश्वास जातो, म्हणून परतीची पाकिटे आकडा बघूनच बांधावीत.

टांकसाळीचे चिन्ह

सालाच्या खाली बघा. शंकरपाळ्याच्या आकाराचा छोटा चौकोन असेल तर मुंबई. पाच टोकांची चांदणी असेल तर हैदराबाद. गोल टिंब असेल तर नोएडा, ही टांकसाळ १९८८ ची. काहीच नसेल तर कोलकाता. झिजलेल्या नाण्यावर टिंब आणि चौकोन यांत घोटाळा होतो. नाणे हळूहळू फिरवत तिरप्या प्रकाशात धरले की चौकोनाची टोके सावली टाकतात, टिंब टाकत नाही. ‘काहीच नाही’ असे वाटले तर दोनदा बघा. चिन्ह मळाने भरलेलेही असू शकते.

चिन्ह कळले की संग्रहाचा आवाका चौपट होतो. एका सालाचे एक नाणे हे उद्दिष्ट मागे पडते आणि एका सालाची चार नाणी हवीशी वाटतात. वहीत आडवे रकाने टांकसाळीचे आणि उभे सालाचे आखून मिळेल तशी खूण करत जा. प्रत्येक साली प्रत्येक टांकसाळीने प्रत्येक नाणे पाडलेले नसते, त्यामुळे काही रकाने कायमचे रिकामे राहणार. नाणीसूची हाताशी ठेवूनच कोणता रकाना खरोखर रिकामा आहे ते ठरवावे.

चार सोडून पाचवे चिन्ह दिसले तर थांबा. मागणी भागत नसल्याने सरकारने काही वर्षी परदेशी टांकसाळींतून नाणी पाडून घेतली. १९८५ च्या एक रुपयावर सालाखाली इंग्रजी ‘एच’ असेल तर ते बर्मिंगहॅमच्या हीटनचे. १९९७ आणि १९९८ च्या काही एक रुपयांवर ‘एम’ आणि त्याच्या डोक्यावर बारीक ‘ओ’ असते, ते मेक्सिको सिटीचे. २००० सालच्या काही दोन आणि पाच रुपयांवर मॉस्को टांकसाळीची रशियन अक्षरे आहेत. जाड पाच रुपये हाताला लागले की मालिका आणि साल बघून लगेच बाजूला ठेवू नका, सालाखाली भिंग धरा. घाईत निसटते ते नेमके हेच.

स्मारक नाण्यांत सोलापूरकराने आधी आपल्या मातीतली शोधावीत, असे आमचे ठाम मत. छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपये १९९९ चे, संत ज्ञानेश्वरांचा एक रुपया त्याच सालचा, संत तुकारामांचे दोन रुपये २००२ चे, लोकमान्य टिळकांचे पाच रुपये २००७ चे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा एक रुपया १९९० चा आणि दहा रुपये २०१५ चे. आणि सिद्धरामेश्वरांच्या गावात ज्याला वेगळे स्थान मिळायला हवे ते महात्मा बसवेश्वरांचे २००६ चे पाच रुपये. ही यादी बँकेच्या पाकिटांतून पूर्ण करता येते, पण घाई चालत नाही. १९९० चा रुपया तांबे-निकेलचा आहे आणि तसले जुने रुपये आता चिल्लरीत क्वचितच येतात. तो सर्वांत शेवटी मिळेल असे धरून चाला.

दहाच्या नाण्यांबद्दल एक गोष्ट. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केले होते की तोवर दहाच्या नाण्याची १४ रूपे निघाली आहेत आणि ती सगळी चलनात वैध आहेत. तरी आजही काही दुकानदार रुपयाचे चिन्ह नसलेले दहाचे नाणे घ्यायला कां-कू करतात. संग्राहकाचा त्यात फायदाच: नाकारलेली नाणी बँकेत येतात, आणि जुन्या रूपांची पाकिटे मागितली की मिळतात.

चूक आणि मोडतोड

टांकसाळीत चुकलेले नाणे हा संग्राहकाचा आवडता शोध, पण दहातली नऊ ‘चुकीची’ नाणी नंतर मोडतोड झालेली असतात. सोपी तपासणी अशी. भारतीय नाण्याच्या दोन्ही बाजू एकाच दिशेने सरळ असतात: वर आणि खाली बोट धरून नाणे दारासारखे फिरवले की मागची बाजूही सरळ दिसली पाहिजे. ती तिरकी किंवा उलटी दिसली तर साचा फिरलेला आहे, आणि ही चूक कोणाला घरी करता येत नाही. ठेवून द्या. छाप एका बाजूला सरकलेली आणि दुसऱ्या बाजूला कोरी चंद्रकोर, हीसुद्धा खरी चूक. अक्षर अर्धवट असेल तर साच्यात तेल-मळ भरलेला असू शकतो. त्यात सपाट भाग गुळगुळीत राहतो. घासून काढलेल्या अक्षराभोवती मात्र भिंगाखाली एका दिशेच्या रेघा दिसतात.

दहाच्या नाण्यात मधली चकती सरकलेली दिसली तर बाहेरच्या कड्याकडे बघा. हातोडीने ठोकून चकती काढून बसवली असेल तर कड्याच्या आतल्या काठावर खरवडल्याच्या खुणा राहतात. चपटे, मोठे, अस्पष्ट झालेले नाणे बहुधा रेल्वे रुळावर ठेवलेले असते. वजन केले की शंका उरत नाही: चपटे नाणे वजनाला पूर्ण भरते, फक्त पसरलेले असते.

समाजमाध्यमांवर वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात अशा जाहिराती फिरतात. ते नाणे पाच आणि दहा रुपयांत निघालेले चलनी स्मारक नाणे आहे, पाकिटात सापडते. जुन्या नाणी-नोटा विकत घेतो म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क किंवा कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा, असे खुद्द रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले. बँकेच्या पाकिटातून निघालेल्या नाण्यांपैकी जवळजवळ सगळ्यांची किंमत दर्शनी किमतीएवढीच असते. नफ्यासाठी हा छंद धरू नये.

धुणे आणि ठेवणे

चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट यांपैकी काहीही नाण्याला लावू नका. आम्ल आणि खरवड दोन्ही वरचा थर काढतात. नाणे चमकते आणि संग्राहकाच्या लेखी मरते. दानपेटीतल्या नाण्यावरचे हळद-कुंकू कोमट डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर ठेवून, न चोळता, मऊ सुती कापडाने टिपून घ्या. तेल किंवा चिकटपट्टीचा गोंद असेल तर उघड्या हवेत, आगीपासून दूर, काचेच्या वाटीत थोड्या ॲसिटोनमध्ये दहा मिनिटे बुडवा. धातूला धक्का लागत नाही. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात सुगंध आणि तेले मिसळलेली असतात. डाग निघाला नाही तर राहू द्या.

पाऊच निवडताना ‘पीव्हीसी नसलेले’ असे स्पष्ट लिहिलेले घ्या. सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंश ओलांडतो, आणि त्या उष्णतेत मऊ पीव्हीसीतून तेलकट द्रव्य सुटते. तांबे-निकेलवर आणि पिवळ्या नाण्यांवर हिरवट चिकट थर येतो तो याचाच. पुठ्ठ्याची चौकोनी खिडकीवाली होल्डरे स्वस्त आणि सुरक्षित. पिन मारल्यावर पक्कडीने सपाट करा, नाहीतर ती शेजारच्या नाण्याला ओरखडते. पावसाळ्यासाठी डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या. कपाट पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला लागून नसावे.

परत भरणे

सेवेची खरी परीक्षा इथे होते, आणि शाखांमधला फरकही इथेच सर्वांत जास्त जाणवतो. खात्यात नाणी भरायला रकमेची मर्यादा नाही. एक आणि दोनची नाणी वजनाने घेणे बँकांना सोयीचे आणि शंभर-शंभरची पॉलिथिनची पाकिटे असतील तर आणखी सोयीचे, असे रिझर्व्ह बँकेच्याच सूचनांत आहे. म्हणून एका पाकिटात एकाच किमतीची बरोबर शंभर नाणी, आणि जमल्यास एकाच मालिकेची. तसे केले की वजन सगळ्या पाकिटांचे सारखे येते आणि कॅशिअरला फोडून मोजावे लागत नाही. निवडून ठेवलेल्या नाण्यांच्या जागी खिशातली तेवढीच नाणी घालून पाकीट पूर्ण करा. भरणा स्लिपवर किमतीनुसार नगांचा तपशील लिहा. काही बँका महिन्याच्या ठरावीक मर्यादेपलीकडच्या रोख भरण्यावर शुल्क लावतात. आपल्या खात्याला काय लागू आहे ते आधी विचारून घ्या, नाहीतर फुकटचा छंद महाग पडतो.

पाकिटात २५ पैसे किंवा त्याहून लहान नाणे निघाले तर ते परत जाणार नाही. ३० जून २०११ पासून ती चलनातून बाद आहेत. ५० पैसे मात्र आजही वैध आहेत, कोणी काहीही सांगो. बनावट वाटणारे नाणे, म्हणजे वजनात फरक, कड त्या मालिकेच्या बाकी नाण्यांपेक्षा वेगळी, अक्षरे फुगीर, असे आढळले तर ते पुन्हा पाकिटात ढकलू नका. वेगळे ठेवा आणि शाखेत दाखवा.

ज्या शाखेतून चिल्लर घेतो तिथेच ती परत भरली तर पुढच्या वेळी आपणच चाळलेली पाकिटे आपल्या हातात येतात. घेण्याची शाखा आणि भरण्याची शाखा वेगळी ठेवा, शक्यतो शहराच्या दोन टोकांना. नवी पेठेतून घ्या, जुळे सोलापुरात भरा. परतीच्या पाकिटाच्या कोपऱ्यावर पेनाने एक बारीक फुली मारली की वर्षभराने ते समोर आले तरी ओळखता येते.